पश्चिममुखी भूखंडावरील कार्यालय कमीत कमी वातानुकूलनात थंड कसे ठेवावे? (सोलापूर)

प्रश्न : पतसंस्था सचिव, सोलापूर

नमस्कार. आमची नागरी सहकारी पतसंस्था गेली अनेक वर्षे बाळीवेस भागातील भाड्याच्या जागेत चालते. आता संस्थेने होटगी रस्त्याच्या बाजूला स्वतःचा भूखंड घेतला असून तेथे मुख्य कार्यालय बांधायचे आहे. भूखंड रस्त्याकडे ६० फूट रुंद आणि आत १०० फूट खोल असून रस्ता पश्चिमेला आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळी जागा सोडल्यावर ४० फूट रुंद आणि सुमारे ७० फूट लांब अशी तळमजला अधिक एक मजल्याची इमारत बसते. कर्मचारी ३५ आहेत आणि सभासदांची ये-जा दिवसभर चालू असते.

आमच्या वास्तुरचनाकारांनी जो पहिला आराखडा दिला, त्यात रस्त्याकडचा संपूर्ण दर्शनी भाग काचेचा आहे, दोन्ही मजल्यांना फॉल्स सीलिंग आहे आणि एकूण ३० टनांचे वातानुकूलन (एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता) धरले आहे. काही संचालकांना काच आवडली, कारण इमारत एखाद्या मोठ्या बँकेसारखी दिसेल. मला मात्र सध्याच्या जागेतला अनुभव स्वस्थ बसू देत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली बसतो. सकाळी साडेदहापासून एसी चालू असूनही दुपारी चारच्या सुमारास रोखपालाच्या खिडकीपाशी उभे राहवत नाही. गेल्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि तासाभरातच रांगेतल्या एका वृद्ध सभासद बाईंना भोवळ आली. त्या दिवसापासून वाटते आहे की वीज गेल्यावरही माणूस आत बसू शकेल, अशी इमारत बांधली पाहिजे.

यंत्रांशिवाय किंवा कमीत कमी यंत्रांत इमारत थंड ठेवण्याचे बरेच उपाय वाचले, पण ते कोठल्या हवामानासाठी आहेत हे समजत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात नेमके काय उपयोगी पडते आणि पैसा मर्यादित असताना तो आधी कशावर खर्च करावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : वास्तुरचनाकार, जुळे सोलापूर

सचिव साहेब, आपला भूखंड पश्चिममुखी असला तरी तो वाईट नाही. इमारतीची ७० फुटी बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे येते आणि पश्चिमेला फक्त ४० फूट तोंड येते. सोलापुरात कार्यालयासाठी मुद्दाम निवडावी अशीच ही मांडणी आहे. ती काचेने वाया घालवू नये, एवढीच विनंती.

सूर्याचा हिशेब नीट मांडतो, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर आहे. ११ मेच्या सुमारास आणि पुन्हा २ ऑगस्टच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या काठीला सावली पडत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे ज्या दिवसांत उन्हाने जीव नकोसा होतो, त्या दिवसांत दक्षिणेची भिंत जवळजवळ सावलीत असते आणि सगळा मारा गच्चीवर होतो. दुपारी तीननंतर तो पश्चिमेच्या भिंतीवर सरकतो.

दक्षिणेचा प्रश्न साधा आहे. चार फूट उंचीच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला, की फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचे ऊन काचेला शिवत नाही. ऑक्टोबरमधला उकाडाही त्यात बऱ्यापैकी सांभाळला जातो. उत्तरेला छज्जा लहान चालतो. मात्र जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांना पश्चिम बाजूने एक उभी पाकळी (भिंतीतून बाहेर काढलेली उभी पट्टी) द्यावी. ही गोष्ट आराखड्यात हमखास राहून जाते.

पश्चिमेला छज्जा निरुपयोगी असतो, कारण चार-पाच वाजता ऊन आडवे येते. मे महिन्यातल्या अशा वेळी उभ्या पश्चिम भिंतीवर प्रति चौरस मीटर ५०० ते ६०० वॅट एवढी सौर उष्णता पडते. आपल्या दर्शनी भागात ६० चौरस मीटर साधी टिंटेड काच आहे असे समजा. ती पडलेल्या उष्णतेतील सुमारे ६० टक्के आत सोडते, म्हणजे २० किलोवॅटच्या आसपास उष्णता केवळ त्या एका भिंतीतून येते आणि ती बाहेर काढायला साडेपाच टनांचे एसी लागतात. कमी उष्णता आत सोडणारी महागडी काच घेतली, तरी अडीच टनांचा भार राहतोच. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने, म्हणजे २०१७ च्या ईसीबीसीने, सोलापूरला उष्ण आणि कोरड्या हवामानाच्या गटात धरले आहे. त्या गटात उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेतून २७ टक्क्यांहून अधिक सौर उष्णता आत येऊ नये आणि खिडक्यांचे क्षेत्र एकूण भिंतींच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ नये, असे म्हटले आहे. जोडभार, म्हणजे इमारतीतील सर्व विद्युत उपकरणांची एकत्रित क्षमता, १०० किलोवॅटपेक्षा कमी असेल तर ही संहिता आपल्याला बंधनकारक नाही, पण तिचे आकडे मार्गदर्शक म्हणून जरूर वापरावेत.

माझा सल्ला असा, की जिना, स्वच्छतागृहे, दप्तराची खोली आणि लॉकरची खोली पश्चिमेला ओळीने बसवावी. या खोल्यांत माणसे सलग बसत नाहीत, त्यामुळे त्या तापल्या तरी बिघडत नाही आणि त्यांच्यामागे बसणाऱ्यांना त्यांचा आडोसा मिळतो. प्रवेशद्वार पश्चिमेला ठेवून त्यापुढे खोल ओसरी घ्यावी. वरच्या मजल्यासमोर, भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून, विटांची जाळी उभी करावी. मधल्या पोकळीतून तापलेली हवा वर निघून जाते आणि जाळीची उष्णता मुख्य भिंतीपर्यंत फारशी पोहोचत नाही.

आता गच्ची. सहा इंची उघड्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून प्रत्येक अंश फरकामागे पलीकडे जाणारी उष्णता, सुमारे ३.३ वॅट असते. संहिता ०.३३ मागते, म्हणजे दहापट कमी. स्लॅबच्या वर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस (घट्ट, उष्णतारोधक पॉलिस्टायरीन) फोमचे तक्ते घालून त्यावर कोबा केला, तरी हा आकडा ०.५ पर्यंत खाली येतो. ८०-९० मिलिमीटर घातल्यास संहितेची मर्यादा गाठता येते. त्यावर पांढरी चायना मोझॅक फरशी किंवा परावर्तक रंग द्यावा. करड्या गच्चीचा पृष्ठभाग मे महिन्यात ६० अंशांच्या वर जातो, पांढरा त्यापेक्षा बराच थंड राहतो. पण आपल्याकडची धूळ पांढरेपणा लवकर खाते, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत गच्ची धुण्याचे काम शिपायाच्या कामाच्या यादीत लिहूनच ठेवावे.

पैसा आधी कशावर, याचे उत्तर स्पष्ट देतो: आधी गच्ची, मग पश्चिम, मग छज्जे. बाकी सर्व त्यानंतर.

उत्तर २ : माळवदवाले, बार्शी तालुका

मी स्थापत्यातला नाही, शिक्षक आहे. पण माळवदाच्या घरात वाढलो, म्हणून एक निरीक्षण मांडतो. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर, जाडजूड भिंती आणि लहान झरोके असे आमचे घर होते. मे महिन्यात दुपारी बाहेरून आत आले की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि अंगावर गारवा येई. संध्याकाळ झाली की मात्र हेच घर आतून उबायला लागे. म्हणून आम्ही सगळे रात्री माळवदावर अंथरुणे टाकून झोपत असू आणि पहाटे दव पडू लागले की खाली येत असू.

दिवसाची उष्णता भिंतीतून आत यायला कित्येक तास लागतात, हे आमच्या आजीला कोणी शिकवले नव्हते, पण दुपार घरात आणि रात्र वर ही तिची वाटणी त्यावरच बेतलेली होती. आपल्या कार्यालयाच्या बाबतीत ही वाटणी फार सोयीची आहे, असे मला वाटते. घर आतून तापते त्या वेळी कार्यालयात कोणी नसतेच. तेव्हा जाड भिंतींचा विचार जरूर व्हावा.

उत्तर ३ : निवृत्त स्थापत्य अभियंता, विजापूर रस्ता

गुरुजींनी लाख मोलाचे सांगितले आहे, पण त्यात एक अट घालावी लागेल. जाड भिंत उष्णता थोपवून धरते, ती नाहीशी करत नाही. दुपारी साठवलेली उष्णता रात्रीतून बाहेर काढून दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत आधीच कोमट असते आणि चार-पाच दिवसांच्या सलग काहिलीत ती भट्टीसारखी होते. सोमवारी सकाळी बंद कार्यालयाचे कुलूप उघडल्यावर जी कोंडलेली ऊब तोंडावर येते, ती याचीच असते. गुरुजींच्या घरात रात्री दारे-झरोके उघडे राहत, म्हणून ते घर दुसऱ्या दुपारी पुन्हा गार असे. जाड भिंत हवी असेल तर रात्रीचे वायुवीजनही हवे. एकाशिवाय दुसऱ्यावर खर्च करू नये.

आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४० ते ४२ अंश असले, तरी पहाटे पारा २५-२६ पर्यंत उतरतो. हा चौदा-पंधरा अंशांचा उतार हेच सोलापूरचे भांडवल आहे. किनारपट्टीवर ते मिळत नाही. आपल्या दोन्ही मजल्यांचे मिळून सुमारे ५०० चौरस मीटर स्लॅब होतात. त्यांचा चार इंच थर रात्रीच्या हवेने चार अंशांनी जरी थंड झाला, तरी दुसऱ्या दिवशी तो सुमारे ११५ किलोवॅट-तास उष्णता शोषू शकतो. चार टनांचे एसी आठ तास चालवून होईल तेवढे हे काम आहे आणि त्यासाठी फक्त रात्री पंखे चालवण्याची वीज लागते. झिंबाब्वेतील हरारे शहरात १९९६ मध्ये उभी राहिलेली ईस्टगेट सेंटर ही कार्यालयांची मोठी इमारत प्रामुख्याने याच तत्त्वावर चालते. हरारे उंचावर असून आपल्यापेक्षा पुष्कळ थंड आहे, तेव्हा तेथला निकाल जसाच्या तसा येथे मिळेल असे समजू नये. तत्त्व मात्र तेच आहे.

आणि म्हणूनच फॉल्स सीलिंगला माझा ठाम विरोध आहे. ती लावली, की थंड झालेला स्लॅब आणि खाली बसलेली माणसे यांच्यामध्ये आपण स्वतःच पडदा ओढतो. स्लॅबचा तळ उघडा ठेवून पांढरा रंग द्यावा आणि वायरिंग नीट पाइपांतून फिरवावे. आवाज घुमत असेल तर ध्वनिशोषक पट्ट्या टांगाव्यात, पूर्ण छत झाकू नये.

भिंतीबाबत वास्तुरचनाकारांनी सांगितले नाही ते सांगतो. नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य दोनच्या आसपास आणि आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीचे ०.७ च्या आसपास असते. आपल्याकडे दगडाचे आकर्षण आहे, पण काळा पाषाण वजनदार असतो, उष्णतारोधक नसतो. मी बाहेरच्या भिंती एएसीच्या आणि आतल्या आडभिंती विटांच्या घेईन. जमिनीला शहाबादी फरशी पुरे. ती जवळची, टिकाऊ आणि पायाला गार आहे.

प्रतिसाद : पतसंस्था सचिव

सर्वांचे मनापासून आभार. काल संचालक मंडळाच्या बैठकीत या सर्व उत्तरांचे वाचन केले. गच्ची आणि फॉल्स सीलिंग हे दोन मुद्दे लगेच मान्य झाले. तीन अडचणी मात्र पुढे आल्या.

पहिली सुरक्षेची. आमच्याकडे रोकड आणि सोनेतारणाचे दागिने असतात. रात्री खिडक्या उघड्या ठेवणे विमा आणि पोलीस या दोन्ही दृष्टींनी अशक्य आहे. शिवाय मे महिन्यात वळवाचा पाऊस केव्हाही येतो आणि त्याआधीची वावटळ टेबलावर बोटभर माती आणून टाकते.

दुसरी पाण्याची. एका संचालकांनी मोठे डक्ट कूलर (पाण्याने थंड केलेली हवा नळकांड्यांतून आत सोडणारे) सुचवले आहेत. शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो, अशा स्थितीत ते योग्य होईल का?

तिसरी अपेक्षेची. एवढे सर्व करूनही भर मे महिन्यात आत किती तापमान असेल? एसी अजिबात नको असे सभासदांना सांगायचे का?

उत्तर ४ : इमारत देखभाल व्यवस्थापक, अक्कलकोट रस्ता

मी एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयीन इमारतीची देखभाल पाहतो, त्यामुळे या तिन्ही गोष्टींशी रोजचा संबंध आहे.

सुरक्षेसाठी खिडक्या उघडण्याची गरजच नाही. उत्तर-दक्षिणेच्या भिंतींत छताजवळ, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर, एक फूट उंचीचे पट्टे ठेवावेत. त्यांना बाहेरून लोखंडी गज, मग पाऊस अडवणाऱ्या तिरप्या पट्ट्या आणि आतून धुता येईल अशी बारीक जाळी लावावी. जिन्याचा माथा गच्चीच्या वर सहा-सात फूट उचलून त्यात दोन मोठे एक्झॉस्ट पंखे बसवावेत आणि ते टायमरवर रात्री अकरा ते सकाळी सहा चालवावेत. सकाळी पट्ट्यांच्या झडपा बंद करून ऊन चढायच्या आत गारवा कोंडून घ्यायचा, हा शिस्तीचा भाग आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी झडपा दिवसभर उघड्या राहिल्या आणि उपाय निरुपयोगी ठरला, असे सर्वांचे मत झाले. दुसऱ्या वर्षी पहारेकऱ्याच्या नोंदवहीत वेळ लिहायला लावली आणि फरक दिसला. सोनेतारणाची खोली या व्यवस्थेतून पूर्ण वेगळी, बंदिस्तच ठेवावी. जाळ्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवाव्या लागतात, नाहीतर हवा येत नाही.

कूलरचे पाणी मोजूनच ठरवावे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेते. तासाला दहा हजार घनमीटर हवा देणारा डक्ट कूलर ४१ अंशांची कोरडी हवा २७ च्या आसपास आणताना तासाला साठेक लिटर पाणी संपवतो, म्हणजे कामाच्या आठ तासांत जवळजवळ पाचशे लिटर. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर पॅडवर पांढरी खपली धरते आणि टाकीतले पाणी अधूनमधून सोडून द्यावे लागते, ते वेगळेच. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरने फक्त चिकचिक वाढते. माझ्या मते फक्त सभासदांच्या प्रतीक्षा-कक्षापुरता एक कूलर मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत ठेवावा. तेथे दार सतत उघडे राहते, एसी वाया जातो, आणि कूलरला तर ताजी हवा हवीच असते. अहमदाबादच्या टोरेंट रिसर्च सेंटरमध्ये उंच मनोऱ्यांतून बारीक तुषार सोडून खाली उतरणाऱ्या थंड हवेने इमारत गार ठेवण्याची उत्तम व्यवस्था आहे, पण पाण्याच्या आपल्या स्थितीत ती मी सुचवणार नाही.

पंखे मात्र भरपूर आणि बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरच्या) प्रकारचे घ्यावेत. जुन्या पंख्याला ७५ वॅट लागत, याला तीसच्या आसपास लागतात, आणि अंगावर नीट वारा असला तर दोन-तीन अंशांनी गार वाटते. वीज गेल्यावर हेच पंखे इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालतात. आपल्या त्या वृद्ध सभासद बाईंच्या दृष्टीने मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर ५ : वास्तुरचनाकार, जुळे सोलापूर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. एसी अजिबात नको, असे कृपया कोणालाही सांगू नका. गच्ची, पश्चिम आणि रात्रीचे वायुवीजन हे तिन्ही नीट झाले, तर सकाळी अकरापर्यंत आणि वर्षातले बरेच महिने पंख्यांवर काम चालेल. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतच्या दुपारी मात्र ३५ माणसे, संगणक आणि दिवे यांची स्वतःची उष्णता असतेच, तेव्हा एसी लागतील. पण ते ३० टनांचे लागणार नाहीत. नेमका आकडा उष्णताभाराचे गणित करूनच काढून घ्या. दीडशे चौरस फुटांना एक टन असा ठोकताळा कोणी लावू लागल्यास मान्य करू नका.

एसी किती अंशांवर ठेवायचा, हेही आताच ठरवा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय कार्यालयांतील माणसांच्या प्रत्यक्ष पाहणीवरून २०१४ मध्ये सुखदतेचे एक प्रारूप मांडले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याचा समावेश झाला. काही काळ पंखे-खिडक्या आणि काही काळ एसी अशा मिश्र इमारतीत, बाहेरची सरासरी ३३ अंश असताना, त्या सूत्राने आतील सुखद तापमान २७ अंशांच्या आसपास येते. म्हणजे २७ वर एसी आणि वर पंखा. उन्हातून आलेल्या माणसाला २० अंशांचा झोत सुखाचा वाटतो, पण त्याच झोतात आठ तास बसणाऱ्या लेखनिकाला तो सोसत नाही.

काचेविषयी संचालकांची हौस मी समजू शकतो. दर्शनी भाग देखणा हवाच, कारण सभासदांचा विश्वास इमारतीवरूनही बसतो. विटांच्या जाळीत सोलापुरी चादरीच्या नक्षीची चौकट उतरवता येईल; चौकडी आणि पायऱ्या-पायऱ्यांचे ते आकार विटेच्या थरांत सहज बसतात. संस्थेच्या नावाची पाटी जाळीवरच बसवून रात्री आतून दिवा लावला, तर रस्त्यावरून ती काचेपेक्षा अधिक उठून दिसेल.

आपल्या वास्तुरचनाकारांकडे पुढच्या बैठकीपूर्वी एकच चित्र मागा: १५ मे, दुपारी चार वाजता, इमारतीचा पूर्व-पश्चिम उभा छेद आणि त्यात ऊन कोठपर्यंत आत येते ते दाखवणारी रेषा. संचालकांसमोर ते चित्र ठेवा आणि रोखपालाची खिडकी कोठे आहे, तेही त्यावर खूण करून दाखवा.

प्रतिसाद : पतसंस्था सचिव

चित्र मागवले आहे. जाळीत चादरीची नक्षी हे ऐकून आमचे अध्यक्ष, जे स्वतः विणकर कुटुंबातले आहेत, उठून उभेच राहिले आणि दर्शनी भागावरील काचेचा ठराव त्यांनी स्वतःच मागे घेतला. गच्चीवर फोमचे तक्ते टाकताना जलरोधक थर त्यांच्या खाली घ्यावा की वर, एवढे अभियंता साहेबांनी कृपया सांगावे.

उत्तर ६ : निवृत्त स्थापत्य अभियंता, विजापूर रस्ता

खाली घ्यावा. स्लॅबवर आधी उतार देणारा थर, त्यावर जलरोधक थर, मग फोमचे तक्ते, त्यावर विभाजक कापड आणि वर जाळी घातलेला दोन-अडीच इंची काँक्रीटचा थर, शेवटी पांढरी फरशी. जलरोधक थर तक्त्यांखाली असला की तो उन्हात तापत-निवत नाही आणि त्याला भेगा पडत नाहीत. एक्सपीएस पाणी फारसे पीत नाही, म्हणून ही रचना चालते. थर्माकोलचे साधे तक्ते कोणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. फरशी घालण्यापूर्वी गच्चीवर तीन दिवस पाणी साठवून गळती तपासा, आणि ते पाणी नंतर झाडांना द्या.